इस्की बॅग, किस्की बॅग

आयुष्यात मी एकदाच एका बॅगेशी संबंध नाकारला, आणि नेमकी ती बॅग माझीच होती.

मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. माझा एकच सल्ला तिथे प्रसिद्ध आहे: पोलिसानं विचारलं तर कोणतीही वस्तू आपली आहे असं कबूल करू नका. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ते मी घरीही आणतो. दूधवाला हसून बोलला की त्या दिवशी मी दूध मोजून घेतो. या संशयापायी आमच्या हिचं, म्हणजे सुनंदाचं, बर्फ पाहायचं राहून गेलं होतं. लग्नात कबूल केलेली मनाली वीस वर्षं लांबली. कारण हॉटेलवाले लुबाडतात, ड्रायव्हर लुबाडतात आणि पाच पिशव्यांतली एक तरी चोरीला जातेच. शेवटी ती म्हणाली, "औंदा नाही नेलं त मी एकटी चालली."

मग मीच तोडगा काढला. पाच पिशव्या नकोतच. एकच मोठी बॅग, एकच कुलूप, आणि त्यावर माझे दोन डोळे.

अकोल्यात सुनंदाच्या भावाचं, विलासचं, बॅगांचं दुकान आहे. गाडीही तिथूनच धरायची होती, म्हणून आम्ही दोन दिवस आधीच एसटीनं पोचलो. विलासनं आतून एक लांबलचक, निळी, चाकं लावलेली बॅग ओढत आणली.

"भाऊजी, हे इस्की बॅग."

"किस्की?"

"इस्की."

"अरे, इस्की म्हणजे किस्की? चोरीचा माल आहे का?"

माझ्या मुलीनं, मिनूनं, कपाळाला हात लावून समजावलं, की स्की म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या आणि त्या ठेवायची ही बॅग. आता ज्या अकोल्यात उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं बर्फाची बॅग आलीच कशी? विलास म्हणाला, कोण्या गिऱ्हाइकानं मागवली आणि नेली नाही. का नेली नाही? वरून तो ती अर्ध्या किमतीत देत होता. साळा स्वस्तात देतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच! मी सतरा वेळा चेन ओढली, आत डोकं घालून वास घेतला, आणि शेवटी मापासाठी बॅगेशेजारी आडवा झालो. बरोब्बर माझ्याएवढी निघाली.

"पाहा," विलास खूश होऊन म्हणाला, "पुरा माणूस मावते याच्यात."

हे ऐकल्यावर तर मी ती घेणारच नव्हतो. पण सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, की मुकाट घेतली.

तिघांचे स्वेटर, ज्वारीचं पीठ, बरणीभर ठेचा (मनालीतल्या मिरचीचा काय भरवसा?) सगळं एकाच बॅगेत गेलं. प्रश्न राहिला चावीचा. खिशात ठेवावी तर खिसेकापू. म्हणून मी ती माझ्या स्वेटरच्या बाहीत, म्हणजे बॅगेतच, लपवली आणि वरून कुलूप दाबलं. इतकी सुरक्षित चावी अख्ख्या वऱ्हाडात दुसरी नसेल, असं मनाशी म्हणून मी खूश झालो.

फलाटावर बॅग खांबाला टेकवून मी चार पावलं लांब उभा राहिलो, चोर आला तर गाफील पकडावा म्हणून. चोर आला नाही. रेल्वे पोलीस आला, कुत्रं घेऊन. कुत्र्यानं बॅग हुंगली आणि ओळीनं तीन शिंका दिल्या.

"ये बॅग किसकी है?" पोलिसानं सगळ्यांना विचारलं. मग सरळ माझ्याकडे वळला. "आपकी है?"

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं, "मेरी नहीं है."

सुनंदा आणि मिनू पाण्याची बाटली घेऊन परत आल्या, तोवर बॅगेभोवती रिंगण झालं होतं. सुनंदा धापा टाकत पुढे गेली. "साहब, हे इस्की बॅग है!"

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. "इसकी? ये तो मना कर रहा है."

"अंकल, स्की," मिनू मध्ये पडली. "बर्फवाली बॅग."

"इसमें बर्फ है?" कुत्रं पुन्हा शिंकलं. "खोलो."

आता मात्र मी कबूल केलं की बॅग माझी आहे. त्यानं चावी मागितली. ती आत आहे, असं मी सांगितलं. "किसके अंदर?" "बॅग के." विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराकडे मी जसा पाहतो, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला.

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. सुनंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं थांबलेली बाई, आणि माझ्या एका चावीपायी तिचा बर्फ अकोल्यातच वितळून चालला होता. पण तिनं डोळे पुसले, मंगळसूत्रातली पिन काढली, आणि पिनेतून एक चावी. कुलपाला दोन चाव्या असतात, हे मी विसरलो होतो.

"तुमचा मले भरवसाच नाही," ती म्हणाली, "म्हून एक मी ठेवून घेतली होती."

पोलिसानं ठेचा पाहिला, पीठ पाहिलं, हात जोडले आणि स्वतःच बॅग डब्यात चढवून दिली.

मनालीत बर्फ हातात घेऊन सुनंदा मिनूपेक्षाही लहान झाली. तिला तसं पाहून मलाही चेव आला. मी भाड्यानं निळा कोट आणि त्या पट्ट्या घेतल्या. पट्ट्या देणाऱ्यानं मुद्दाम ढिल्या बांधल्या असतील म्हणून तीनदा सोडून पुन्हा बांधल्या, आणि उतारावर पहिलं पाऊल टाकताच आडवा होऊन थेट खाली गेलो. तिथं लांबच्या लांब, निळाच्या निळा पडून राहिलो.

शिकवणारा माणूस धावत आला. मला पायानं जरा हलवून बघितलं आणि वर तोंड करून ओरडला, "ये आदमी किसका है?"

सुनंदानं वरून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. अजिबात घाई केली नाही.

"मेरा नहीं है," ती म्हणाली.