पोरीच्या डोस्क्यातली गाठ अन् बापाची नक्कल

"अरे, हा तर झाडीपट्टीच्या नाटकातला जोकर! दारुड्याची नक्कल करून दाखव बे."

शयरातला मोठा दवाखाना. खाटेवर माही पोरगी. सा वर्साची, डोस्क्यात गाठ. भवताल शिकाऊ डागदर. अन् मोठ्या डागदरची ही फर्माईश.

मी केली नक्कल. डोलत डोलत चाललो. सलाईनच्या दांड्याले सलाम ठोकला. सारे हासले. पोरगी नाई हासली.

ती कायले हासन? दोन महिने ती तशीच चालून राह्यली होती. सकाळी उठली का ओकारी, दोन पावलं टाकली का तोल जाये. मले वाटलं, बापाची नक्कल करते. मी शेजाऱ्यायले बलावून दाखवलं, "पाहा, माह्यापेक्षा भारी कलाकार!" असा मी हुशार बाप.

नक्कल संपली, तसं मी इचारलं, "साहेब, पोरीवर इलाज का आहे?"

"तुला सांगून काय समजणार? अंगठा लाव इथं."

लावला. वरून "थँक्यू साहेब" बी म्हनलं. शाळा पाह्यली नाई मी. नाटकात बी दुसरा वाचते, मी ऐकून पाठ करतो. मागून सांगतीन ते बोलाची सवय.

तो कागद अन् पोरीले देऊन आमाले गेटावर धाडलं. तिथं बायकोनं कागद घेतला. ती चवथी पास. बोट ठेवून ठेवून वाचलं तिनं.

"अवो, तुमी हे का लिहून देल्लं? इलाज नाई करत, आपल्या मर्जीनं पोरीले घरी नेतो म्हणून!"

खाट खाली पाह्यजे होती त्यायले. माह्या अंगठ्यानं केली खाली.

पह्यले लाज आली. मंग अंगाची आग झाली. पोरीले खांद्यावर घेतलं अन् वापस गेलो.

"काय बे जोकर, दुसरा अंक का?"

"नाई. पोरीचा बाप आलो. इलाज किती आहेत ते एकेक करून सांगा. समजलं का नाई, ते मी बोलून दाखवतो."

"वेळ नाही माझ्याकडे."

"नक्कल पाहाले होता."

कोणी हासलं नाई. मी दारातच उभा. तो जाईन तं कुठून जाईन? सांगा लागलं त्याले. मी जसंच्या तसं वापस बोललो. डोस्क्यात पाणी साचलं, ते नळीनं काढाचं. मंग डोस्कं खोलून निंगन तेवढी गाठ काढाची. त्यात बोलणं, चालणं जाऊ शकते. तुकडा तपासाले धाडाचा. मंग मशिनीच्या किरणायचा शेक, नाईतं किमो, नाईतं दोन्ही. शेकानं पोरीची वाढ अटकू शकते. ग्यारंटी कायचीच नाई.

"हे सांगाले कितीक वेळ लागला साहेब?"

माह्या अंगठ्याचा कागद डागदरच्याच हातानं फाडाले लावला. मंग बायकोले इचारलं, पोरीले बी इचारलं. नळी टाकाची ठरवली, ऑपरेशन बी ठरवलं.

पोरगी वाचन का नाई, मले मालूम नाई. सारं चांगलं होईन असं मी कोणाले सांगत नाई. पण तिच्या डोस्क्याले जो हात लागन, तो आमाले इचारून लागन. माह्यासमोर, तिच्या मायसमोर. आमच्या बोलीत. ज्याले वेळ नसन, तो काढन. मी दारातून हालत नाई.