नथीला स्विस चाप

आमच्या मुलीनं चिप्सच्या पाकिटाला नथ लावली, म्हणून मी स्वित्झर्लंड पाहिलं. ऑफिसातले लोक वेगळं सांगतील, कंपनीनं पाठवलं होतं म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

नथ बायकोच्या आजीची. बायकोचं नाक टोचलेलं नाही, म्हणून लग्नात तिच्या आईनं नागपूरच्या सोनाराकडून नथीला चाप बसवून घेतला होता. आता त्याच सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलला येणार होत्या आणि पाडव्याच्या कार्यक्रमात लेकीची लावणी पहिल्या रांगेतून बघणार होत्या. बायकोनं ड्रॉवर उघडला तर नथ गायब. सापडली पँट्रीत, फॅमिली साइझ पाकिटाच्या तोंडावर, चाप पार फाकलेला.

"इट्स अ क्लिप, आई," मुलगी म्हणाली.

मॉलमधल्या एका सोनारानं भिंगातून बघून विचारलं, कुठल्या कानाची? दुसऱ्यानं गोंद सुचवला. बायको रडकुंडीला आली. आईच्या ओरड्याला ती भीत नव्हती, तो तिला पाठ होता. आई काहीच बोलणार नाही, नुसती नथीकडे बघून पदरानं डोळे टिपेल, ही तिची धास्ती.

अशात आमच्या एका क्लायंटचा स्टॉल स्वित्झर्लंडच्या दागिन्यांच्या प्रदर्शनात लागला. इथल्या मराठी मंडळात मी जाहीर केलं की अमेरिकेची बाजू मांडायला चाललोय. काम म्हणजे स्टॉलच्या पडद्याआड बसायचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर हँग झालं की रीस्टार्ट मारायचं. बायकोनं नथ काड्यापेटीत कापूस घालून माझ्या हातात ठेवली. जगातले सगळे सोनार एका छपराखाली भेटणार होते, तेव्हा चाप बसवून मिळाला नाही तर मीही तिकडेच राहावं, असं तिनं शांतपणे सांगितलं.

विमानतळावरून निघालेली गाडी इतकी वेळेवर, की स्टेशनावरची घड्याळं तिच्याकडे बघूनच लावत असावेत. खिडकीतून लांबवर आल्प्स दिसला आणि डब्यातले पाहुणे काचेला नाक लावून बर्फ बघू लागले. मी पडलो नेपरव्हिलचा, बर्फ दिसला की आधी फावडं आठवतं आणि मग कंबर दुखते. पण एवढा ढीगभर बर्फ कुणाच्याही ड्राइव्हवेवर न टाकता नीट वर रचून ठेवलेला पाहून मी त्या देशाला मनातल्या मनात नमस्कार केला. गाई तर अशा धुतलेल्या, की मला माझ्या शर्टाची लाज वाटली.

प्रदर्शनातले स्टॉल आमच्या घरापेक्षा मोठे, चक्क दुमजली. गालिचात बूट घोट्यापर्यंत बुडायचे. हिऱ्यांचा लखलखाट असा, की हॉटेलवर जाऊन डोळे मिटले तरी उजेड जाईना. दारावरचे सूटवाले माझा रंग बघून मला सुरतेचा हिरेव्यापारी समजत आणि हातात शॅम्पेन देत. मी कुणाचा भ्रमनिरास केला नाही. मात्र काड्यापेटी उघडली की त्यांचे चेहरे पडत. एकानं ती ब्रोच ठरवली, एकीनं कुत्र्याच्या पट्ट्याचा दागिना.

शेवटी घड्याळांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्यांच्या स्टॉलवर एक मिशाळ म्हातारा भेटला. त्याला इंग्रजीत समजावून मी दमलो आणि सरळ नथ हातानं स्वतःच्या नाकाला लावून उभा राहिलो. भोवती गर्दी जमली. म्हाताऱ्यानं नथ मागून घेतली, आपल्या नाकाला लावली, आरशात बघितलं आणि मिशीमुळे शोभत नाही म्हणून हळहळला. मग त्यानं कामाचं विचारलं.

"बाई नाचताना किती हलतात?"

शहाण्या माणसानं सांगितलं असतं, पाच मिनिटांची लावणी आहे हो. मी सांगितलं, आमच्याकडे लावणी सुरू झाली की पहिल्या रांगेतले फेटे उडतात, गेल्या वर्षी स्टेजची फळी मोडली आणि हिच्या गिरकीनं मागचा पडदा अजून लोंबतोय. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि डोंगर चढणाऱ्यांच्या घड्याळात घालतात ती स्प्रिंग बसवून दिली.

पाडवा आठवड्याच्या मधेच होता, पण आमच्याकडे सण शनिवारीच येतात. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्या दिवशी नथींची नुसती पानगळ झाली. एक तर थेट श्रीखंडात पडली. बायकोची नथ मात्र हलली नाही. सासूबाई मान उंच करून शेजारच्या काकूंना सांगत होत्या, ती माझ्या आईची.

घरी आल्यावर नथ निघेना. खोबरेल तेल झालं, साबण झाला. मी ओढायला गेलो तर जो शब्द ऐकला तो इथे लिहिण्यासारखा नाही. रविवारी सकाळी बायको नथीसह, बसक्या नाकानं, आईसमोर चहाला बसली. सासूबाईंनी चष्मा लावून निरखलं. हा चाप आपल्या सोनाराचा नाही, म्हणाल्या. बायकोचा बांध फुटला. चिप्स, पँट्री, काड्यापेटी, सगळं बाहेर आलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदर हातात घेतला, तशी बायकोनं डोळे घट्ट मिटले. पण त्यांनी पदर कमरेला खोचला, चमच्याची दांडी चापात सरकवली आणि टक्कन नथ काढली. दोन-तीनदा उघडमीट करून पाहिली. मग उठून पँट्रीत गेल्या, नागपूरहून आणलेल्या चिवड्याच्या पिशवीची सुरळी केली आणि तिला नथ लावली.

"बाप्पा, काय पकड आहे! परवापासून चिवडा सादळत होता माझा."

मुलगी आजीकडे बघतच राहिली. तिकडे बायको लाल नाक चोळत इतकी हसली, की चहा सांडला.

परत जाताना विमानतळावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. लेकीला सांभाळा म्हणतील, म्हणून मी चेहरा गंभीर केला.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "पापडांसाठी एक चाप मिळेल का हो?"