राशीवरचे बूट

पिंपरी पेंढारच्या गोरखला मस्कतजवळच्या गोदामात तिसरी ताकीद मिळाली असती, तर परतीचं तिकीट हातात पडलं असतं. गुन्हा एकच होता. गव्हाच्या राशीवर चढताना तो बूट काढायचा.

ही १९९८ची गोष्ट. टोमॅटो बाजारात न्यायला स्वतःची पिकअप घ्यायची, एवढ्यासाठी तो दोन वर्षांच्या करारावर गेला होता. काम फावड्याने रास सपाट करायचं. पुढे लोखंडी टोपण असलेले बूट सक्तीचे. पण घरी खळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. चुकून धान्याला पाय लागला तर हात कपाळाला जातो. राशीच्या कडेला आल्यावर गोरखचे बूट आपोआप निघायचे.

मुकादम डंकन स्कॉटलंडचा. या माणसाच्या गावात बूट नसावेत, असा निष्कर्ष त्याने काढला. पहिल्या ताकिदीनंतर तो गोरखसमोर उकिडवा बसला आणि त्याने नाडी कशी बांधायची ते सावकाश, मोठ्या आवाजात शिकवलं. दुसऱ्या दिवशीही शिकवलं. शाळेत गोरख पॉलिश केलेले बूट घालून कवायतीला पहिल्या रांगेत असायचा. तरी त्याने गुपचूप नाडी बांधून दाखवली.

"एवढा मोठा माणूस आपल्या पायाशी बसलाय, त्याला नाय कसं म्हणायचं राव?" तो सांगतो.

डंकन खूश होऊन गेला. थोड्या वेळाने बूट पुन्हा कडेला.

दुसऱ्या ताकिदीला डंकनने दुभाषा म्हणून स्टोअरकीपर थॉमसला बोलावलं. थॉमस केरळचा. त्याची आणि गोरखची, दोघांचीही हिंदी टीव्हीवरून शिकलेली. ती दोन वाक्यांत संपली. एका देशातल्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, यावर डंकनचा विश्वास बसेना. दोघं मिळून काहीतरी लपवतायत, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात गोरख पुन्हा अनवाणी सापडला. जेवणाची सुट्टी होत आली होती. राशीवरून उतरून त्याने धुतलेला रुमाल जमिनीवर पसरला, डब्यातली चपाती त्यावर ठेवली आणि डंकनच्या बुटाकडे बोट दाखवून खूण केली: ठेवा पाय.

डंकनने बूट उचलला. क्षणभर तसाच धरला, मग मागे घेतला. राशीकडे पाहत तो थॉमसला काहीतरी म्हणाला.

"बोलता है, समझ गया," थॉमस म्हणाला. "लेकिन रूल रूल है."

ताकीद आली नाही. दोन दिवसांनी पांढरे गमबूट आले. टोपण होतंच, पण अजून जमिनीला न लागलेले. ते फळीवर ठेवायचे आणि फक्त राशीवर घालायचे. गोरखला हे पटलं. चढण्याआधी मात्र तो गव्हाला हात लावून कपाळाला नेई. तो गव्हाची ओल बघतो, असं समजून डंकन नव्या कामगारांनाही तसंच करायला लावी. ही समजूत गोरखने दूर केली नाही.

२००० साली तो परतला. पिकअप आली, गमबूटही आले. पहिल्याच सुगीला तो ते घालून खळ्याकडे निघाला. त्याची बायको चिमाबाई बाजरी उफणत होती. खळ्याच्या कडेला उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं. रुमाल, चपाती, सायबाचा उचललेला पाय.

"तुमच्या सायबाला पटलं आसंल," सूप खाली न ठेवता चिमाबाई म्हणाली. "काढा ते."

गमबूट आता शेण काढताना वापरतात.