कळवणच्या बाईंचा अभिप्राय

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही; देवापुढे हात जोडून उभा असतानासुद्धा मी हा विषय टाळत आलो. कळवणच्या निवृत्त शिक्षिका म्हणून ज्या बाई आयर्लंडमध्ये चार लोकांना माहीत आहेत, त्या नाहीतच. त्या मी आहे.

नाशिकमध्ये आमचं एक छोटं कलामंडळ आहे. मी त्याचा सचिव, कारण निवडीच्या सभेत मी गप्प बसलो होतो आणि गप्प बसणाऱ्यालाच सचिव करतात. काही वर्षांपूर्वी आयर्लंडच्या एका वयस्कर चित्रकार बाईंनी आमच्या वार्षिक प्रदर्शनासाठी आपलं एक चित्र पाठवलं. कधीकाळी त्या त्र्यंबकेश्वरला येऊन गेल्या होत्या, तेव्हाची त्यांची आणि आमच्या अध्यक्षांची ओळख. चित्र दाराएवढं. सगळं करडं, त्यात पुसट पांढरे फराटे आणि उजव्या कोपऱ्यात वर बोटभर पिवळा. डब्लिनमध्ये ते पहिल्यांदा लागलं तेव्हा तिथल्या एका समीक्षकाने त्याला 'ओल आलेली भिंत' म्हटलं होतं म्हणे. बाईंची अट एकच होती. नाशिकच्या लोकांना काय वाटलं ते इंग्रजीत करून कळवा आणि अभिप्रायाच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवा.

नाशिककर आठ दिवस आले. त्या चित्रासमोर तासतासभर बसले, कारण हॉलमधला चालणारा एकमेव पंखा बरोबर तिथे होता.

"भाऊ, हे पुरं व्हायचं हाय का?" एका द्राक्षबागायतदाराने मला विचारलं.

"झालंय पूर्ण."

"मंग रंग कमी पडला असंल."

शेजारच्या हॉलमध्ये साड्यांचा सेल होता. तिथून दमून आलेल्या एक काकू चित्राकडे बोट दाखवून मैत्रिणीला म्हणाल्या, "बघ, हाच रंग मागत होते मी. मेला म्हणतो, येतच नाही."

पण हे सगळं तोंडी. वहीत लिहायची वेळ आली की आपल्याकडे माणूस वरच्याने काय लिहिलंय ते वाचतो आणि तेच खाली लिहितो. पहिल्याने लिहिलं होतं 'स्तुत्य उपक्रम'. आठ दिवसांनी वहीत सदतीस स्तुत्य उपक्रम जमले होते, आणि एक 'पंखा छान आहे'.

"सेक्रेटरी, हे सातासमुद्रापार पाठवायचं?" अध्यक्षांनी वही मिटली. "ती बाई काय म्हणेल आपल्याला?"

"पंख्याचं निदान मनापासून लिहिलंय."

"पंख्याचं तर इंग्रजी करूच नका. तुम्ही बघा काहीतरी."

मी बघितलं. रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर नवी वही आणि पाच पेनं घेऊन बसलो. एक निवृत्त इंजिनिअर लिहिले, ज्यांना चित्राचा पाया भक्कम वाटला. एक कॉलेजची मुलगी लिहिली, तिला फील आला. एक डॉक्टरही लिहिले. त्यांचं अक्षर पहिल्या फटक्यात जमलं. शेवटी एक पान उरलं.

आठ दिवस त्या चित्रासमोर मीही बसलो होतो, आणि मला खरंच काहीतरी वाटलं होतं. पण ते स्वतःच्या सहीने लिहायची माझी छाती नव्हती. मंडळातले लोक म्हणाले असते, सेक्रेटरींना कविता व्हायला लागल्या. म्हणून जरा गोल अक्षर काढून लिहिलं: 'मी पस्तीस वर्षं फळा पुसला. कितीही पुसला तरी कालचं काहीतरी उरतंच. हे चित्र म्हणजे मधल्या सुट्टीतला फळा आहे. पिवळा खडू कोपऱ्यातच राहिला, बरं झालं.' खाली 'निवृत्त शिक्षिका, कळवण'.

चहा ठेवता ठेवता बायकोने ते पान वाचलं.

"अहो, या कोण?"

"आल्या होत्या प्रदर्शनाला."

"किती छान लिहिलंय! तुम्ही इतकी वर्षं मंडळात आहात, तुम्हाला सुचलं का कधी असं?"

नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दोन महिन्यांनी पत्र आलं, माझ्या पत्त्यावर पण कळवणच्या बाईंसाठी. चित्रकार बाईंनी लिहिलं होतं की तुमचं वाचेपर्यंत मी काय रंगवलंय ते मलाच कळलं नव्हतं. डब्लिनच्या पुढच्या प्रदर्शनात चित्राशेजारी कळवणच्या बाईंचा अभिप्राय फ्रेम करून लावला गेला. लोक म्हणे चित्रापेक्षा जास्त वेळ त्या फ्रेमपुढे थांबायचे. तोच समीक्षक परत आला आणि या वेळी त्याला चित्रात 'शिकण्याची आणि विसरण्याची स्मृती' दिसली. भिंतीची ओल एकदम सुकली. चित्र आणखी दोन गावांना फिरलं, बरोबर माझा फळाही फिरला.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी उत्तर लिहिलं. बाईंना इंग्रजी येत नाही, त्या सांगतात आणि मी लिहितो, असं. मग पत्रांची सवयच लागली. बाईंना गुडघेदुखी दिली, एक शेळी दिली. एका पत्रात शेळी मेली आणि पुढच्या पत्रात मी विसरून तिचं दूध काढलं. आयर्लंडहून नव्या शेळीबद्दल अभिनंदन आलं. नंतर गुडघ्यांसाठी लोकरीचे पट्टे आले. ते भर मे महिन्यात बायकोने 'बघू तरी' म्हणून चढवले आणि आता काढत नाही.

आणि त्या गुडघेदुख्या बाईंच्या आडून मी काय काय बोललो! निवृत्तीची भीती वाटते, मुलगी परगावी गेल्यापासून घरात जेवताना भांड्यांचाच आवाज येतो, लोक आपल्याला शांत समजतात पण आपण नुसते भित्रे असतो. चित्रकार बाई प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायच्या. माझ्याशी इतकं मन लावून कोणी बोललेलं मला आठवत नाही. ते बोलणं माझ्याशी नव्हतं, एवढीच अडचण.

गेल्या आठवड्यात लाकडी पेटी आली. तीन माणसांनी धापा टाकत जिन्यावरून चढवली. आत चित्र, आणि चिठ्ठी: आता माझं वय झालं, हे विकायचं नाही, ज्यांना ते दिसलं त्यांच्याकडेच ते राहू दे.

"कळवणच्या बाईंचं चित्र आपल्या हॉलमध्ये कशाला?" बायकोने विचारलं.

"पोचवतो. रस्ता जरा खराब आहे."

"मग आपणच जाऊ की रविवारी. वाटेत वणीच्या देवीचं दर्शनही होईल. त्यांनी काही आपल्याला कधी बोलावलं नाही, पण मला त्यांना बघायचंच आहे."

"त्यांचे गुडघे..."

"अहो, आपणच जातोय ना त्यांच्याकडे? गुडघ्यांनी काय करायचंय?"

तिने मोठी गाडी ठरवली आहे. शाल आणि नारळ आणून ठेवला आहे. शेळीसाठी सरकीची ढेपसुद्धा आणली आहे. आज शुक्रवार. संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "त्या तुमच्याशी बोलतात तरी काय इतकं? घरात तर तुम्ही तोंड उघडत नाही." मी मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिलो.

त्या चित्रकार बाईंना मी एक पत्र देणं लागतो, माझ्या सहीचं: कळवणला कोणी नाही, फळ्याचं वाक्य माझं होतं, आणि चित्र कुठे परत पाठवू ते कळवा. बायकोला तेच सगळं रविवारच्या आत, समोर बसून, मराठीत सांगायचं देणंही लागतो.