सांध्यातली फट

शिरगावात आमचं घर बांधलं जात होतं. उन्हाळ्यात थंड राहावं म्हणून विटांऐवजी आत जाड फोम असलेली पॅनेलं बसवत होते. ती बसवणारा वयस्कर कारागीर प्रत्येक सांध्यावरून ओला तळहात फिरवून हवा येते का बघायचा. एकदा त्याला फट सापडली, तसा तो पॅनेल उतरवू लागला. सुपरवायझर खेकसला, "राहू दे! वरून पट्टी ठोकली की कोणाला दिसतंय?"

"माणसाला नाय दिसणार साहेब, उन्हाला दिसतं."

तेवढ्यावरून त्याला माझ्यासमोरच कामावरून काढलं. निघताना त्याने ती फट मात्र भरली. सुपरवायझरचा संताप आलाच, पण घर माझं असून मी तोंड उघडलं नाही, याचा आजही जास्त येतो.