जात्यावर एकटी

माझी लेक तवा तीन म्हयन्यांची व्हती. आमचं घर उमरग्याच्या अलीकडं, सडकंपासून कोसभर आत, गावाच्या पार कडंला. घरात आमी चौघं मोठी माणसं आन् ही लेक. माझे मालक आन् त्यांचे थोरले भाऊ घायपाताचे दोर वळायचे आन् बाजाराला न्हेऊन इकायचे. थोरल्यांची बायको म्हंजे माझी जाऊ, तिला मी आक्का म्हणते. आक्का माझ्या आईच्या वयाची. तिची लेक लगीन व्हऊन गुलबर्ग्याकडं नांदायला गेलेली, म्हणून घरात आमी दोघीच बायका.

मी आन् मालक ख्रिस्ती. मी ल्हानपणी मिशनच्या शाळंत तिसरीपस्तोर शिकले, मग आई वारली आन् शाळा सुटली. थोरल्यांनी बाप्तिस्मा घेतला न्हवता. ते देवीच्या छबिन्याम्होरं हलगी वाजवायचे, त्यांच्या बापापासनं आलेलं. मिशनचे मास्तर लई म्हणायचे त्यांना, हलगी सोडा, बाप्तिस्मा घ्या, तर ते हसायचे, "हलगी खाली ठिवली तर ह्या हातांचं काय करू, मास्तर?" आन् जिकडं थोरले तिकडं आक्का. पर त्यावरनं घरात कवा भांडान झालं न्हाय. आमी चूल येक ठिवली, जातं येक ठिवलं.

जातं आमच्या सासूचं. सासू मी बघितली न्हाय. पहाटं कोंबड्याच्या आधी आमी दोघी समोरासमोर बसायचो, चारी हात खुंट्याला. लेक उठली तर मी तिला मांडीवर घ्यायची, ती पीत ऱ्हायची, आन् आक्का म्हणायची, "तू नुसता हात लाव, वडते मी." ती तिच्या देवीच्या ओव्या म्हणायची. मी येशूच्या म्हणायची, तिच्याच चालीवर, मला दुसरी चाल येत न्हवती. ती थांबून ऐकायची आन् म्हणायची, "तुझ्या देवाला बी दळाण लागतंय म्हण की."

मास्तर म्हयन्यातनं येकदा सायकलीवर यायचे. लिंबाखाली गोणपाट हातरून उपासना व्हायची, आठ-धा माणसं, त्यात वाचता येणारी बाई मी येकटीच. त्या दिवशी मास्तरांचा घसा बसला व्हता. त्यांनी पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलं, बोट ठिवून दावलं आन् म्हणले, "इथनं वाच, बाई." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालक समोर बसलेले. आक्का आमच्यात बसत न्हवती, पर दारात जवारी निवडायचं निमित्त करून ऐकत व्हती.

मी अक्षराखाली बोट धरून वाचत गेले. प्रभू परत येईल, कवा येईल ते कुणाला ठावं न्हाय, आसं व्हतं. शेतातल्या दोघांचं आलं, येक घेतला जाईल आन् येक मागं ऱ्हाईल. ते मी सरळ वाचून गेले. आमाला शेत न्हाय. पर त्याच्याम्होरं दोन बायका जात्यावर दळत बसल्यात आसं आलं, आन् त्यातली येक न्हेली जाईल आन् येक ऱ्हाईल. माझं बोट तितंच थांबलं. मास्तरांनी म्होरं वाच म्हणून खूण केली, पर तेवढ्यात लेक रडाय लागली, आन् मी शास्त्र त्यांच्या हातात देऊन उठले. त्याचा अर्थ त्यांनी काय सांगितला तो मी ऐकला न्हाय.

त्या रात्री मला झोप न्हाय. ते साल तसं वंगाळ. सडकंवरनं बंदुकवाले जायचे, संस्थानाची हद्द वलांडून सोलापूरकडं लोक पळून जायचे, अमक्या गावातनं तमक्याला न्हेलं, आसं रोज कानावर यायचं. त्यात हे. मी इचार केला, मी बाप्तिस्मा घेतलेली, आक्का न घेतलेली. म्हंजे मला न्हेणार. मग लेकीला दूध कोण देणार? आन् दुसऱ्या कुशीवर वळले की उलटंच वाटायचं. मी कुठली येवढी चांगली? माझ्या मनात शंभर वाकडं, आक्काच्या मनात येक न्हाय. न्हेलं तर तिलाच न्हेतील, आन् मी मागं ऱ्हायलेली, म्हंजे देवानं टाकलेली. दोन्हीकडनं भ्याच.

मग मला येक सुचलं. आता सांगताना लाज वाटती, पर तवा ते लई शाणपणाचं वाटलं. दोघी बसल्या तर त्यातली येक जाणार. मग दोघी बसायचंच न्हाय. जात्यावर येकटीच आसली तर ते शास्त्रातलं तिला लागू व्हत न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी आक्काच्या आधी उठले आन् येकटीनंच दळाय लागले. जातं जड. येका हातानं वडायचं, दुसऱ्यानं जवारीची मूठ घालायची, दम लागायचा, छातीत कळ यायची, घामानं चोळी भिजायची. आक्का डोळे चोळत आली.

"काय गं धाकले, आज माझ्या आधी?"

"जाग आली, आक्का."

"मग हाक मारायची न्हाय व्हय?"

"तुमी निजला व्हता."

तिनं समोर बसून खुंट्याला हात घातला, आन् म्या माझा हात वढून घेतला. चटका बसल्यावर वढतो तसा. मला तसं करायचं न्हवतं. झालं. आक्कानं माझ्या हाताकडं बघितलं, मग सोताच्या हाताकडं बघितलं. उठली आन् शेळीकडं गेली.

चार दिवस आसंच. ती यायची, मी म्हणायचे व्हत आलंय, ऱ्हाऊ द्या. पाचव्या दिवशी ती दारातच हुभी ऱ्हायली.

"येक इचारू? गावात आपल्याला कुणी शिवून घेत न्हाय. हिरीवर वरनं पाणी वाढत्यात. ते मला सवयीचं झालं. पर आता घरातबी का? माझा हात लागला की तुझ्या पिठाला इटाळ व्हतो व्हय?"

"तसं न्हाय, आक्का."

"मग कसं हाय?"

काय सांगणार? तुमाला देव टाकील आसं मला वाटतं, म्हणून? का मला टाकील म्हणून? मी खाली बघून दळत बसले. आक्का म्हणली, "शाळा शिकलेली जाऊ मिळाली म्हणून म्या गावभर सांगितलं व्हतं," आन् गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी रानातनं तुराट्यांचे भारे आणून अंगणात टाकले. घराच्या मधी कूड घालायचा, चूल येगळी करायची. जातं आक्काकडं जाणार, कारण ती थोरली. मालक मला म्हणले, "काय झालंय तुमच्यात? भाऊ माझ्याशी बोलंना." मी म्हणले काय न्हाय. मालकांना सांगितलं आसतं तर त्यांनी मास्तरांना इचारलं आसतं, आन् मास्तर म्हणले आसते, हिला वाचाय दिलं हीच चूक झाली. बाजार झाला की कूड घालायचा आसं ठरलं. म्हंजे मधी दोन दिवस.

बाजाराच्या दिवशी दोघं भाऊ दोर घेऊन उमरग्याला गेले. मी शेवटचं म्हणून जास्तीच दळाण काढलं, जातं जायच्या आधी चार दिवसांचं पीठ करून ठिवावं म्हणून. ऊन वर आलं तरी मी वडतच व्हते. लेक रडाय लागली, तिला पाजाय घेतलं तर दूधच न्हाय. येकटीनं दळून दळून माझं दूध आटत चाललं व्हतं, ते मला दोन-तीन दिवस कळत व्हतं, पर मी ते मनावर घेत न्हवते. आता लेक वढायची आन् सोडून रडायची, परत वढायची. मी तिला तशीच धरून बसले, मला रडायलाबी दम न्हवता.

आक्का आली. तिच्या हातात वाटी, शेळीचं दूध ऊन करून आणलेलं, आन् कापसाचा बोळा. माझ्याकडं न बघता तिनं लेकीला घेतलं, मांडी घालून बसली आन् बोळ्यानं दूध पाजाय लागली.

"पोरीवर माझा राग न्हाय," ती म्हणली. "तुझ्यावर हाय."

लेक चुटुचुटु चोखाय लागली. मग मात्र माझ्या तोंडातनं सगळं बाहीर पडलं. दोन बायकांचं, न्हेण्याचं, मागं ऱ्हाण्याचं, मी येकटी का बसते ते, तुमाला बाप्तिस्मा न्हाय ते, मी वंगाळ हाय ते, सगळं येका दमात. आक्कानं पाजायचं थांबवलं न्हाय. माझं संपल्यावर म्हणली, "कुठं लिवलंय? दाव."

म्या पेटीतनं माझं शाळंतलं शास्त्र काढलं, पान हुडकलं, बोट ठिवलं. तिला वाचता येत न्हाय, तरी तिनं वाकून बघितलं.

"ह्ये जातं?"

"व्हय, ह्ये जातं."

"आन् ह्यातली मी कुठली?"

"नावं न्हाईत, आक्का. दोन बायका येवढंच हाय."

"जी ऱ्हाणार ती वंगाळ, आसं लिवलंय?"

मी परत वाचलं. अक्षर अन् अक्षर वाचलं. त्या वळीत तसं लिवलं न्हवतं. मी म्हणले न्हाय.

"पर येक ऱ्हाणार, हे नक्की लिवलंय?"

"व्हय."

आक्का हसली. लई दिवसांनी हसली. "मग येडे, तुझी पोर उपाशी कशी ऱ्हाईल? तू गेलीस तर मी हाय. मी गेले तर तू हायस. दोघींना न्हेतील आसं लिवलं आसतं, तर मी बी भ्याले आसते. आन् तू काय केलंस, तर येकटीच जाऊन बसलीस. येकटीला न्हेलं तर मागं जातं ऱ्हातंय. जातं पाजणार हाय व्हय पोरीला?"

मी हळूच इचारलं, "आन् तुमाला मागं ठिवलं, तर तुमाला काय वाटंल?"

तिनं बोळा परत वाटीत बुडवला. मग म्हणली, "सासू गेली तवा मी मागं ऱ्हायले. तुझा नवरा येवढासा व्हता, आसल्याच बोळ्यानं पाजलाय त्याला. तवा कुणी म्हणलं न्हाय मला टाकली म्हणून. कामाला ठिवली म्हणले." आन् लेकीचं तोंड पदरानं पुसून म्हणली, "सरक तिकडं. हे दळाण तुला येकटीला संध्याकाळपस्तोर सरायचं न्हाय."

ती समोर बसली. लेक तिच्या मांडीवर निजली. म्या खुंट्याला हात घातला, तिनं माझ्या हाताच्या वर घातला. पयल्या फेऱ्याला वाटलं, आत्ताच आभाळ फाटतंय. मी डोळे मिटून घेतले. आक्का म्हणली, "डोळे उघड, पीठ सांडतंय."

भ्या गेलं आसं मी म्हणत न्हाय. मी तशी भित्रीच हाय. पर त्या दिवशी जवारी दळता दळता मला येक कळलं. मी शास्त्रातलं अर्धं वाचलं व्हतं. न्हेणारा येवढाच मला दिसला. ठिवणारा बी तोच हाय, आन् तो ठिवतो तवा कुणाच्या तरी पोटासाठी ठिवतो, हे मला बाप्तिस्मा न घेतलेल्या, अक्षर न येणाऱ्या बाईनं दावलं. मी देवाला भिऊन ज्या हातापासनं पळाले, त्याच हातात देवानं माझ्या लेकीचं दूध देऊन ठिवलं व्हतं.

सांजच्याला थोरले बाजारातनं आले. आमाला दोघींना भाकऱ्या थापताना बघून त्यांनी तुराट्यांकडं बघितलं. आक्का म्हणली, "शेळीला आडोसा करा त्याचा. तिला वारं लागतंय."

म्होरच्या म्हयन्यात मास्तर आले तवा म्या धीर करून त्यांना इचारलं. ते म्हणले, त्याचा अर्थ जागं ऱ्हावा, तयार ऱ्हावा, आसा हाय, बाई. दळत आसला तरी मन देवाकडं आसावं. मी ऐकून घेतलं. ते शिकलेले, त्यांचं बरोबरच आसणार. म्या त्यांना आक्काचं सांगितलं तर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आन् म्हणले, "हे माझ्या ध्यानात कवा आलं न्हवतं."

आक्कानं आजून बाप्तिस्मा घेतला न्हाय. घेईल का ते मला ठावं न्हाय, आन् त्याचा मला घोर लागून ऱ्हातो, खोटं कशाला बोलू. मी सकाळच्या प्रार्थनेत तिचं नाव घेते. ती समोरच आसती, खुंटा धरून, म्हणून मी ते मनातच घेते. म्हणते, प्रभू, तू कवा बी ये. आमी दोघी इथंच हाओत. कुणाला न्ह्यायचं ते तूच ठरव, पर जी ऱ्हाईल तिच्या हातात बळ दे, लेकरू जेवायचं हाय. मग आक्का म्हणती, "झालं का तुझं मनातलं? मूठ घाल की," आन् मी मूठ घालते.