डॅशबोर्डवरचे तीन संत

आमच्या रुस्तावी शहरात गाड्यांना दुसरा जन्म मिळतो. पहिला जन्म तिकडे अमेरिकेत. तिथे कुणीतरी ती खांबाला नाहीतर कुंपणाला नेऊन ठोकतो, तिथली माणसं नाक मुरडून ती टाकून देतात, मग ती जहाजातून पोतीच्या बंदरात उतरते आणि चेपलेल्या तोंडानं आमच्या गल्लीत येते. इथे कुणी पत्रा सरळ करतो, कुणी रंग मारतो, कुणी काच बसवतो. एअरबॅग बसवतो तो एमझार. त्याचीच ही गोष्ट, पण मी सांगणार म्हणजे वाटेत चार फाटे फुटणार. आमच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणायचे, वालिकोला नदी काढायला सांगितली की तो ओढेच काढत बसतो.

एमझार उंच आणि वाळलेला, खांदे जरा पुढे आलेले. पूर्वी तो चियातुराच्या खाणीत सुरुंग लावायचा. तिथे रीत अशी, की जितके सुरुंग लावले तितके आवाज कान देऊन मोजायचे. एक आवाज कमी आला की सगळ्यांचे पाय जागच्या जागी थिजायचे, कारण न फुटलेला सुरुंग आत कुठेतरी जागा असतो. खाण सुटली आणि एमझार गाड्यांकडे आला, पण तो कमी आलेला आवाज काही त्याच्या कानातून गेला नाही.

"वालिकोकाका," तो मला म्हणायचा, "एअरबॅग म्हणजे पण सुरुंगच. खाणीत फुटला की सुटलो वाटायचं. इथे फुटला तर कुणाचंतरी वाईट झालेलं असतं, आणि नाही फुटला तर मी बरोबर लावला होता की नाही हे मला कळायचं कसं?"

हीच त्याची काळजी. रंग मारणाऱ्याला रंग दिसतो. याचं काम झाकणाखाली दडलेलं, आणि ते तपासायचं तर गाडी धडकायला हवी. म्हणून दुरुस्त केलेली गाडी गेटबाहेर पडली की तो तिच्या पाठीकडे बघत उभा राहायचा, परगावी मुलगी पाठवल्यासारखा. गाडी घेतल्याच्या आनंदात आमच्याकडे जेवणं होतात, वाइनचे पेले उचलले जातात. त्या पंगतीला एमझार कधी गेला नाही.

शेजारच्या गाळ्यातला जुम्बेर पत्र्याचं काम करतो. तो याला रोज डिवचायचा. "अरे, नुसतं झाकण लाव, आतल्या तारेत तो चिमटीएवढा तुकडा जोड, गाडीला वाटेल पिशवी आहे. धोक्याचा दिवा विझतो, गिऱ्हाईक हसतो. तूच कशाला रडतोस?"

"ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणाऱ्यातला तू," एमझार म्हणायचा. "तुझ्याकडे मी माझी सायकलसुद्धा देणार नाही."

"तुझी सायकल घेतो कोण? तिलाही तू पिशवी लावली असशील!"

आता आमची नुत्सा. माझी नात, नर्स आहे. खारागौलीच्या बाजूला, माझ्याच जुन्या गावाजवळच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली. डोंगरातली विखुरलेली वस्ती, गाडीशिवाय भागणार नाही. तिनं विजेवर चालणारी पांढरी गाडी घेतली, अर्थात ठोकलेली. पुढच्या दोन्ही पिशव्या फुटून भोपळ्याच्या वाळल्या सालीसारख्या लोंबत होत्या, सीटबेल्ट आवळून तिथेच अडकलेले. एमझारनं धडकेची आठवण धरून बसलेला एअरबॅगचा डबा बदलला, पुढचे सेन्सर बदलले, बेल्ट बदलले, आणि नव्या पिशव्या कंपनीच्या बंद खोक्यातूनच हव्यात म्हणून अडून बसला. खोकी येईनात. माझी बायको दारेजान रोज त्याच्या गाळ्यात जाऊन उभी.

"एवढा काय घोळ घालतोयस रे? पिशवीच शिवायची ना? दे इकडे, मी शिवते."

"काकू, डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटते ती. तिच्या वाटेत काही यायला नको. पुढे बसलात की पाय वर ठेवायचे नाहीत, मांडीवर टोपली घ्यायची नाही."

"या गुडघ्यांनी मी पाय वर ठेवणार? मेल्या, तूच ठेवून दाखव!"

शेवटी खोकी आली. बॅटरीची तार काढली की एमझार लगेच हात घालत नाही. बाहेर येऊन सावकाश सिगारेट ओढतो, मग दुसरी पेटवतो. आत उरलेली वीज निवू द्यायची म्हणे. नुत्सानं पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. डॅशबोर्डवर लहानसा लाल दिवा लागला, थोडा थांबला आणि विझला. "रोज बघायचा," तो म्हणाला. "लागला पाहिजे, आणि मग विझला पाहिजे. आणि चालवताना फोन उचलायचा नाही. कुणाचाही. माझाही."

द्राक्षं उतरवायचे दिवस होते. दारेजानच्या बहिणीकडे गावी तोडणी, म्हणून नुत्साबरोबर तीही निघाली. सकाळी पाद्री येऊन गाडीवर पवित्र पाणी शिंपडून गेला, अंगणात टेबल मांडलं, मी चार चांगली वाक्यं बोलून पेले उचलले, नुत्सानं नुसतं डाळिंबाचं सरबत घेतलं आणि दोघी गेल्या. मी मागे राहिलो. वाइनचे मोठे रिकामे बुधले घेऊन मला दुसऱ्या दिवशी आगगाडीनं जायचं होतं.

टेबलावर खाचापुरी उरली होती. चीज भरलेली ती गरम भाकरी ताटलीत घालून मी एमझारकडे गेलो. गडी भुकेला होता. पहिला घास तोंडात घालत म्हणाला, "नीट गेल्या?"

"नीट म्हणजे? पाद्र्यानं चाकांवरसुद्धा पाणी टाकलं. आणि दारेजाननं तीन संत बसवलेत समोर. तीन फळ्यांची लाकडी तसबीर, पितळी चौकट, चांगली जड. जुम्बेरनं कसला तो गोंद दिला. प्रलय आला तरी सुटणार नाही म्हणाला."

एमझार चघळायचा थांबला.

"समोर कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळे लावतात तिथेच. डॅशबोर्डवर, दारेजानच्या बरोबर पुढे. आधी मधोमध लावणार होती, पण तिथे तो मोठा स्क्रीन आहे ना."

त्यानं घास हातात काढून ताटलीत ठेवला. "काका, ते पिशवीचं झाकण आहे."

आमच्या मुलखात अशी गाडी दाखवा जिच्यात संत नाहीत. पाय ठेवू नका, टोपली ठेवू नका, सगळं सांगून झालं होतं. संत ठेवू नका हे सांगायचं कुणाच्या मनात येणार? पिशवी फुटली असती तर ती पितळी चौकट थेट माझ्या म्हातारीच्या तोंडावर आली असती.

नुत्साला फोन लावला. वाजत राहिला. शहाणी पोर, चालवताना उचलत नाही. दारेजानचा लावला तर बंद. तो बंद असणारच होता. फोन चालू ठेवला की तो गाडीची वीज पितो, अशी तिची ठाम समजूत.

"बसा गाडीत," एमझार म्हणाला.

त्याची जुनी व्हॅन. तिबिलिसी मागे पडली, हमरस्ता आला. मी देवाचं नाव घेत होतो आणि त्याच देवाची भीतीही वाटत होती. मी बोलत होतो, मला गप्प बसता येत नाही. माझ्या मामाचा बैल रेल्वेच्या रुळावर बसला होता ती गोष्ट मी सुरू केली, तिचा शेवट मला आठवेना. तेव्हा कळलं, आपल्याला किती भीती वाटते आहे.

गोरीच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. पुढे रुग्णवाहिकेचा निळा दिवा. माणसांच्या डोक्यांमधून एक पांढरी गाडी दिसली, नाक कठड्यात घुसलेलं. एमझारनं व्हॅन कडेला घातली आणि दार उघडं टाकून धावला. मी खाली उतरलो. दार धरून मी तसाच उभा राहिलो, आणि नुत्साच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळत होती.

तो परत आला. "आपली नाही."

मी विचारलं, "आणि माणूस?"

"गवतावर बसलाय. कपाळ फुटलंय, बोलतोय." त्यानं व्हॅन गर्दीतून काढली. मग म्हणाला, "स्टेअरिंगचं झाकण जसंच्या तसं आहे, काका. एक सुरकुतीसुद्धा नाही. आत पिशवी नव्हतीच."

पुढे सुरामी येतं. तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना बाया नाझुकी घेऊन उभ्या असतात, मनुका आणि मसाला घातलेला तो गोड पाव. दारेजान नाझुकी घेतल्याशिवाय सुरामी ओलांडत नाही; लग्नानंतर पहिल्यांदा गावी चाललो होतो तेव्हाही तिनं बस थांबवली होती. त्यातून विजेची गाडी, डोंगर चढायच्या आधी ती भरून घ्यावी लागणार. एवढ्याच आशेवर आम्ही चाललो होतो. सुरामी सुटलं की रिकोतीचा घाट, वळणं आणि बोगदे.

चार्जिंगच्या खांबाशी पांढरी गाडी उभी होती. पुढच्या सीटवर दारेजान, दोन्ही हातांत नाझुकी, तोंडाला चुरा. मला इतकं सुंदर कुणी कधी दिसलं नाही.

"अगं बाई, हे कुठून उगवले! बुधले विसरलात ना?"

"काकू, आधी खाली उतरा," एमझार म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. नुत्सानं ऐकता ऐकता ओठ चावला. दारेजाननं मात्र कंबरेवर हात ठेवले. "आज पाद्र्यानं पाणी शिंपडलं आणि आज तू संतांना उठवतोस? ते तिथे बसलेत ते माझं रक्षण करायला!"

"रक्षण करू देत ना. पण पिशवी फुटली तर ते तुमच्यावर बंदुकीच्या गोळीसारखे येतील. संतांच्या हातून असं पाप का घडवता?"

दारेजाननं कंबरेवरचे हात खाली घेतले, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

एमझारनं गाडी भरण्याची तार आधी सोडवली, मग लहान बॅटरीची तार काढली, आणि बाजूला जाऊन सिगारेट पेटवली.

"बघा!" दारेजानचा आवाज चढला. "रुस्तावीपासून जीव घेऊन धावत आला आणि आता धूर काढत बसलाय!"

"वीज निवते आहे, काकू."

"तुझा जीव कधी निवायचा रे?"

त्यानं दुसरी सिगारेट पेटवली, संपवली. मग खिशातून मासेमारीचा दोरा काढून तो तसबिरीखाली घातला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढू लागला. नाझुकीवाली बाईसुद्धा येऊन बघत उभी राहिली. संत सुटले, पण गोंद नाही. दगडासारखा घट्ट होऊन झाकणावर चिकटलेला. झाकणाला आतून एक बारीक रेघ असते, त्या रेघेवर फाटूनच ते उघडायला हवं. गोंद नेमका तिथे.

एमझारनं त्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "नवं झाकण येईपर्यंत या सीटवर कुणी बसायचं नाही. उघडेल की नाही, मला सांगता येत नाही."

"म्हणजे मी मागे? पिशवीभर कांद्यांसारखी?"

"आजी," नुत्सा म्हणाली, "बसतेस की मी इथेच राहू?"

दारेजान मागे बसली, बेल्ट लावून. संतांना तिनं शालीत गुंडाळून मागच्या डिकीत ठेवायला लावलं, कारण आता मांडीवर घ्यायलाही ती घाबरली. तार जोडून नुत्सानं गाडी चालू केली.

"दिवा लागला का गं?" मागून आवाज.

"लागला."

थोडा वेळ गेला. "आता?"

"विझला, आजी."

दारेजाननं क्रूसाची खूण केली. आम्हाला परत फिरायचं होतं, पण एमझारनं व्हॅन घाटाकडेच वळवली. बोगद्यांतून, वळणांवरून, तो त्या पांढऱ्या गाडीमागे ठरावीक अंतर ठेवून थेट गावापर्यंत गेला.

गावी अंगणात टेबल मांडलेलंच होतं. एमझार फाटकातूनच परतायला लागला, तर दारेजाननं त्याची बाही धरली. "मला मागे बसवलंस, आता तू इथे बस."

तो बसला. पेले उचलायचा मान माझ्याकडे आला. देशासाठी झाला, गेलेल्यांसाठी झाला, द्राक्षांसाठी झाला. मग मी एमझारकडे वळलो, आणि चाळीस गोष्टी माहीत असलेल्या माझ्या तोंडाला एकच वाक्य सुचलं.

"एमझार, तुझं काम कुणाला कधीही दिसू नये!"

पाहुणे चपापले, कुणी तरी म्हणालं, म्हातारा शाप देतोय. एमझारला मात्र ते नेमकं कळलं. मग उभा राहून त्यानं पेला तळापर्यंत रिकामा केला, आणि बसायच्या आधी अंधारात उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीकडे एकदा वळून पाहिलं.